बटण भिंतीवरच राहू द्या

१९६६च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जिम सदरलँड या अभियंत्याने आपल्या घराच्या तळघरात एक संगणक उभा केला. नोकरी वेस्टिंगहाउस कंपनीत, त्यामुळे तिथल्या औद्योगिक नियंत्रण-संगणकांचे जुने, शिल्लक पडलेले सुटे भाग हाताशी होते. त्यातून झालेल्या या यंत्राचे वजन ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६० किलो. नाव ‘इको-फोर’. घराचे तापमान राखणे, उपकरणे वेळेवर चालू-बंद करणे, वाणसामानाच्या याद्या ठेवणे ही कामे त्याच्याकडून अपेक्षित होती. १९६८च्या एप्रिलमध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने त्यावर कौतुकाचा लेख छापला आणि ‘घर चालवणारा संगणक’ ही कल्पना लोकांच्या डोक्यात बसली. इको-फोर बाजारात कधी आला नाही. पण त्याच्या रचनेत जे गृहीत धरले होते ते आजही जाहिरातींत जसेच्या तसे आहे: कारखान्याला कंट्रोल रूम असते, तशी घरालाही हवी, सगळ्या तारा एका जागी आणाव्यात आणि तिथून हुकूम सुटावेत.

हे गृहीतकच चुकीचे आहे, असे मला वाटते. कारखान्याचे उद्दिष्ट एक असते, पाळीचा प्रमुख एक असतो आणि बिघाड झाला तर धावणारा माणूस पगारावर असतो. घरात यातले काहीच नसते. एकाला पंखा पाचवर हवा, दुसऱ्याला तो सोसत नाही. आजी पहाटे चारला उठतात, नातू तेव्हा झोपायला जातो. आणि कोणाची इच्छा आज चालणार हे रोज नव्याने, बहुधा न बोलता, ठरते. अशा ठिकाणी एक मेंदू बसवला की तो कोणातरी एकाचाच मेंदू होतो. म्हणून घरगुती संगणकाची रचना करताना माहिती एकत्र आणावी, सत्ता आणू नये. पंखा, गीझर, पंप, दिवा यांनी आपापले शहाणपण आपल्या अंगातच ठेवावे. मधल्या संगणकाने पाहावे, नोंदवावे, सुचवावे, आणि मोजक्या ठिकाणीच हात घालावा. तो बंद पडला तर घर कालच्यासारखेच चालले पाहिजे.

इतिहास या बाजूनेच साक्ष देतो. १९६९ साली नायमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या नाताळ कॅटलॉगमध्ये हनीवेलचा ‘किचन कॉम्प्युटर’ झळकला. किंमत १०,६०० डॉलर; सोबत एप्रन, पाककृतींची पुस्तके आणि प्रोग्रॅमिंगचा दोन आठवड्यांचा वर्ग. आत होता एच-३१६ हा मिनीकॉम्प्युटर, ज्याच्याशी बोलायचे ते खटके वर-खाली करून आणि उत्तर वाचायचे ते लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. आमटीत मीठ किती हे विचारायला गृहिणीने बायनरी शिकावी, ही अपेक्षा. स्वयंपाकघरासाठी असा एकही संगणक विकला गेल्याची नोंद नाही. याच्या पन्नास वर्षे आधी, १९१८च्या कॅटलॉगमध्ये, सिअर्स रोबक कंपनीने ‘होम मोटर’ विकायला काढली होती: घरासाठी एकच विजेची मोटर घ्या आणि तिला हवे तसे शिलाई मशीन, पंखा, मिक्सर, धार लावायचे चाक जोडा. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९८च्या ‘द इन्व्हिजिबल कॉम्प्युटर’ या पुस्तकात याच मोटरचे उदाहरण घेऊन सांगितले की तंत्र पिकले की ते वस्तूंच्या पोटात नाहीसे होते. आज आपल्या घरात डझनभर मोटरी असतात, पण ‘आमच्याकडे मोटर आहे’ म्हटले तर लोकांना पाण्याचा पंप किंवा गाडी आठवते.

संगणकाचेही तेच झाले, फक्त आपले लक्ष गेले नाही. १९७१मध्ये इंटेलचा ४००४ आला आणि त्याच दशकात एका चिपवरचे पूर्ण संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, इतके स्वस्त झाले की ते मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीनमध्ये शिरले. कपड्यांच्या वजनाप्रमाणे पाणी घेणारे मशीन, तांदूळ शिजला की स्वतः ‘वॉर्म’वर जाणारा कुकर, कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तीन मिनिटे थांबणारा एसी – घराचे खरे स्वयंचलन हेच, आणि ते कोणत्याही केंद्राला विचारून चालत नाही. जपानमधली गोष्ट तर बोध घेण्यासारखी आहे. टोकियो विद्यापीठाचे केन साकामुरा यांनी १९८४मध्ये ‘ट्रॉन’ प्रकल्प सुरू केला आणि १९८९मध्ये टोकियोत ट्रॉनचे बुद्धिमान घर उभे राहिले: सुमारे हजार छोटे संगणक आणि सेन्सर, हवा पाहून आपोआप उघडमीट करणाऱ्या खिडक्या, सगळे एकमेकांशी बोलणारे. चारेक वर्षांत ते घर मोडीत निघाले. मात्र त्याच प्रकल्पातली ‘आयट्रॉन’ ही छोटी कार्यप्रणाली जपानी उपकरणांत, मोटारींत, कॅमेऱ्यांत अशी पसरली की जगातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या कार्यप्रणालींमध्ये तिची गणना होते. घर गेले, पण घरातल्या वस्तू शहाण्या झाल्या.

मग मधल्या संगणकाला काम उरते तरी कुठे? उरते, आणि ते आपल्याकडे चांगलेच उरते. एका उपकरणाला जे दिसूच शकत नाही, ते काम. गीझर २ किलोवॉटचा, इंडक्शन शेगडी २ किलोवॉटची, दीड टनाचा एसी दीडेक किलोवॉट घेतो. तिन्ही एकदम चालली की २३० व्होल्टवर साधारण २४ अँपिअर झाले, आणि जुन्या वायरिंगच्या फ्लॅटमध्ये मेन एमसीबी पडते. यात एकाही उपकरणाची चूक नाही. बेरीज कोणी करत नाही एवढेच. छतावरच्या सौर पॅनेलचेही तसेच. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि पॅनेल आता मध्यमवर्गीय गच्च्यांवर दिसू लागली आहेत. जोवर नेट मीटरिंगमध्ये महिन्याचा जमाखर्च युनिटला युनिट असा मिटतो, तोवर पंप दुपारी लावला काय आणि रात्री लावला काय, बिलात फरक पडत नाही. पण दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलू लागला की कपडे धुण्याची, टाकी भरण्याची वेळ हा पैशांचा प्रश्न होतो. त्यासाठी ऊन, दर, टाकीतली पातळी आणि घरातला भार ही चार माणसे एका टेबलाशी बसवावी लागतात. हे काम संगणकाचे.

तो बसवायचा कुठे, यावरच बरेच ठरते. माझ्या मते त्याची जागा दिवाणखान्यातल्या टेबलावर नाही आणि कोणाच्या खिशातल्या फोनमध्येही नाही. ती मीटर आणि एमसीबीच्या डब्याशेजारी आहे. तिथे प्रत्येक सर्किटच्या वायरभोवती प्रवाह मोजणारी कडी अडकवता येते, वायर न कापता. तिथे वायरमनचा हात पोचतो, आणि घर विकले तर तो डबा घराबरोबर जातो. आत एक साधा संगणक, बाहेर वाचता येईल एवढा पडदा आणि सगळे ‘हातावर’ आणणारा एक मोठा खटका. पूर्वीच्या पेढीवरचा दिवाणजी जसा वही ठेवी, देणे-घेणे आठवून देई, पण हुंडीवर सही मालकाचीच लागे, तितपतच त्याची पत असावी.

सही कुठे लागते हे एका गीझरवर पाहता येईल. साठवणीच्या गीझरच्या आत आधीच दोन-तीन पहारेकरी बसलेले असतात. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो चिकटला तर त्यावरचा थर्मल कट-आउट तोडतो. तरी दाब वाढलाच तर प्रेशर रिलीज व्हॉल्व्ह पाणी सोडून देतो. यातल्या कोणालाही वाय-फाय लागत नाही, पासवर्ड लागत नाही, अपडेट लागत नाही. आता याच गीझरला कोणी १० अँपिअरच्या स्वस्त स्मार्ट प्लगवर लावतो. २ किलोवॉटला ८.७ अँपिअर लागतात, म्हणजे कागदावर बसते. पण प्लगच्या आतला रिले, म्हणजे विजेने हलणारा खटका, रोज तासभर जवळजवळ पूर्ण भाराने तापत राहतो, आणि म्हणूनच गीझरला १६ अँपिअरचा सॉकेट देण्याची आपली पद्धत आहे. त्याहून अवघड प्रश्न वीज जाऊन परत येते तेव्हाचा. भिंतीवरचे साधे बटण आपली स्थिती अंगानेच लक्षात ठेवते: खाली तर खाली, वर तर वर. रिलेला हे कोणीतरी सांगावे लागते. वीज आल्यावर फ्रिज चालू झालाच पाहिजे, इस्त्री चालू होता कामा नये, पंपाने आधी टाकी पाहावी, आणि सगळ्यांनी एकदम उठून भार टाकू नये. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या तालुक्याच्या गावात हा किरकोळ तपशील नव्हे, रचनेचा गाभा आहे. आणि बाजारातल्या कित्येक उपकरणांत तो एका मेनूच्या चौथ्या पायरीवर दडवलेला असतो. म्हणून माझा नियम असा: उष्णता निर्माण करणारी किंवा फिरणारी वस्तू बंद करण्याचा अधिकार संगणकाला मोकळेपणाने द्यावा, चालू करण्याचा मात्र मोजून. याला अपवाद आहेत. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो संगणकाच्या वाऱ्यालाही उभा करू नये, बंद करण्यापुरतासुद्धा.

रचनाकारांनी दुसरा धडा घ्यावा तो ‘एक्स-टेन’कडून. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथ्सच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५मध्ये ही पद्धत काढली. युक्ती देखणी होती: वेगळी तार नको, घरातल्या विजेच्या तारांतूनच निरोप पाठवायचा. प्रत्यावर्ती विजेचा दाब दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावरून जातो. त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा बारीक स्पंद टाकायचा. स्पंद असला तर एक, नसला तर शून्य. सोळा घर-संकेत, सोळा उपकरण-संकेत, म्हणजे २५६ पत्ते. एक हुकूम पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागे. अमेरिकेत हौशी लोकांनी ती दशकानुदशके वापरली. पण मूळ एक्स-टेन एकतर्फी होती: दिव्याला ‘लाग’ म्हणून सांगितले, तो लागला की नाही हे सांगणाऱ्याला कळत नसे. टीव्हीच्या पॉवर सप्लायने निरोप गिळला तर गिळला. त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याने तोच घर-संकेत निवडला असेल तर त्याच्या रिमोटने तुमचा व्हरांडा उजळे. जी यंत्रणा पोचपावती घेत नाही तिला घराची स्थिती माहीत नसते, फक्त स्वतःचे हुकूम माहीत असतात. पुढच्या पद्धतींत उत्तर देण्याची सोय आली, पण वृत्ती तीच राहिली. फोनवर ‘ऑफ’ दिसते आणि पंप चालूच असतो, हे आजही घडते. कारण फोन रिलेची स्थिती दाखवतो, पाण्याची नाही. पंपाची खरी पोचपावती त्याने घेतलेला प्रवाह आणि टाकीतली पातळी. मोजमाप वस्तूपाशी हवे.

आता गेल्या दहा-बारा वर्षांकडे येऊ, जेव्हा तळघरातला संगणक उठून दूरच्या सर्व्हरवर गेला. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा, घरातली उपकरणे जोडणारा सुमारे ३०० डॉलरचा हब घेतलेल्यांची सेवा २०१६च्या मे महिन्यात कंपनी विकत घेणाऱ्याने बंद केली. डबा धडधाकट होता, पण निकामी. २०२२च्या एप्रिलमध्ये ‘इन्स्टिऑन’ या स्मार्ट घराच्या यंत्रणेचे सर्व्हर एकाएकी गप्प झाले, पुढे काही ग्राहकांनीच मिळून तो व्यवसाय विकत घेतला आणि पुन्हा सुरू केला. ७ डिसेंबर २०२१ला ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला तेव्हा लोकांच्या दाराच्या घंटा आणि झाडू मारणारे रोबोट अडून बसले. उंबऱ्यावरचे बटण आणि आतली घंटा यांत पंधरा फुटांचे अंतर, आणि निरोप जातो दुसऱ्या राज्यात. याला प्रगती म्हणायला जीभ रेटत नाही. मूळ अडचण आयुर्मानाची आहे. घराचे वायरिंग पंचवीस-तीस वर्षे चालते, पंखा पंधरा वर्षे, फोन चार-पाच वर्षे, आणि ॲपची कंपनी किती ते तिलाही ठाऊक नसते. लांब आयुष्याची वस्तू आखूड आयुष्याच्या वस्तूवर अवलंबून ठेवू नये, एवढे तत्त्व पाळले असते तरी यातले निम्मे टळले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. स्थानिक डबा ठीक, पण तो सांभाळणार कोण? क्लाउडवाली कंपनी निदान सुरक्षेच्या दुरुस्त्या तरी परस्पर पाठवते. घरातला डबा धूळ खात पडला की चोराला वाट. २०१६मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने हेच दाखवले: कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांनी ताब्यात घेतले गेले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या लोंढ्याने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीची यंत्रणा कोलमडून अमेरिकेतल्या बड्या बड्या वेबसाइट अडल्या. पण नीट पाहिले तर ते कॅमेरे पडले ते बाहेरून थेट पोचता येत होते म्हणून. घरातल्या बटणाला इंटरनेटवर पत्ता कशाला हवा? दुरुस्ती बाहेरून आत येऊ द्यावी. हुकूम बाहेरून आत येण्याची वाट बंद असावी, आणि उघडली तर जाणीवपूर्वक, ठरावीक कामापुरती. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात, आणि ‘होम असिस्टंट’ हे २०१३पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर छोट्याशा संगणकावर क्लाउडशिवाय चालते. त्याला हौशी माणूस लागतो, हे खरे. पण सोय करण्याजोगी अडचण आणि स्वभावातच असलेला दोष यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की आता यंत्र माणसाची भाषा समजते, सवयी शिकते. खटके आणि मेनू यांच्या काळातली टीका कशाला उगाळायची? शिकणारे घर नवे नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये मायकेल मोझर यांनी १९९०च्या दशकात स्वतःच्या घरात न्यूरल नेटवर्क बसवून दिवे, हीटिंग आणि गरम पाणी त्याच्या ताब्यात दिले होते. त्यांच्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट साधी होती: बटणे भिंतीवरच ठेवली होती, आणि माणसाने बटण दाबले की यंत्राने समजायचे, आपला अंदाज चुकला. वीज वाचवणे आणि माणसाची गैरसोय, दोन्ही एकाच खर्चाच्या हिशेबात धरलेले. ‘नेस्ट’चा थर्मोस्टॅट २०११मध्ये आला तेव्हा तोही भिंतीवरचे, हाताने फिरवायचे चाक घेऊनच आला, मात्र जानेवारी २०१६मध्ये एका सॉफ्टवेअर दोषाने कित्येकांच्या थर्मोस्टॅटची बॅटरी उतरली आणि ऐन थंडीत घरे गार पडली. शिकणे चांगलेच. भाषा कळणे त्याहून चांगले, विशेषतः मराठीत कळेल तेव्हा. पण समज वाढली म्हणून अधिकार वाढत नाही. शंभरातले नव्व्याण्णव हुकूम बरोबर समजणारे यंत्र गाणी लावायला उत्तम आणि गीझर लावायला धोक्याचे.

आणखी एक बाजू आहे, जिच्यावर अभियंते क्वचित बोलतात: केंद्राची किल्ली कोणाकडे? रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’मध्ये दाखवले की घरगुती यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची कामे कमी केली, बायकांकडून मात्र अपेक्षा वाढवल्या. स्मार्ट घरात आता ‘ॲडमिन’ नावाचे एक नवे पद आले आहे आणि ते बहुधा ज्याने वस्तू विकत घेतली त्याच्याकडे जाते. जून २०१८मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छळाला तोंड देणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारींवर वृत्तान्त दिला: एसी आपोआप बंद होतो, दाराच्या कुलुपाचा आकडा रोज बदलतो, घंटा वाजते आणि दारात कोणी नसते. दूर बसलेला माणूस फोनवरून घर चालवत होता. यंत्रणेत कोणताही बिघाड नव्हता. ती सांगितल्याप्रमाणेच चालली होती. खोलीत उभ्या असलेल्या माणसाचे बटण दूरच्या माणसाच्या फोनपेक्षा नेहमी वरचढ, हा नियम सॉफ्टवेअरच्या सौजन्यावर सोडून चालणार नाही; तो तारांमध्येच बांधलेला हवा.

हे सारे मान्य करूनही कोणी म्हणेल की ज्याला उठून बटणापर्यंत जाता येत नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आवाजावर पंखा लावता येणे म्हणजे दुसऱ्याला हाक न मारता जगता येणे. या आक्षेपापुढे मी नमतो, पण अर्धाच. त्याला हवे आहे ते बटण जवळ येणे, बटण नाहीसे होणे नव्हे. पलंगाशेजारचा खटका, आवाज, ओढायची दोरी, सगळे असावे; आणि इंटरनेट गेले म्हणून त्याचा पंखा अडला तर त्याच्यावर अन्याय इतरांपेक्षा अधिक, कारण त्याला उठून तो लावता येत नाही.

आपल्याकडे हा विषय चैनीचा वाटतो, पण महाराष्ट्रातल्या असंख्य इमारतींत नियंत्रणाची एक यंत्रणा केव्हाच रुजली आहे: टाकी भरली की पंप बंद करणारा, खालचा हौद आटला की पंप सुरूच न होऊ देणारा वॉटर लेव्हल कंट्रोलर. दोन-तीन सेन्सर, एक रिले, एक ‘ऑटो-मॅन्युअल’ खटका. सोसायटीचा वॉचमन तो चालवतो, गल्लीतला इलेक्ट्रिशियन दुरुस्त करतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरच्या, पंख्यांचेही पाहा. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गने २८ वॉटचा पंखा आणला. साध्या पंख्याला ७५ वॉट लागतात. रोज बारा तास चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटहून जास्त बचत, आणि ती कोणत्याही ॲपमुळे नव्हे, पंख्याच्या पोटातल्या मोटर-नियंत्रकामुळे. या पंख्यांबद्दलची नेहमीची कुरकुर कोणती, तर रिमोट हरवतो. पुढे भिंतीवरच्या रेग्युलेटरने चालणारी बीएलडीसी मॉडेलेही बाजारात आली. ग्राहकाने रचनाकाराला दिलेला हा कौल पुरेसा स्पष्ट आहे.

यंदा घराचे वायरिंग नव्याने करून घेणार असाल तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्या बोर्डावर प्लगचा सॉकेट असतो तिथे न्यूट्रल येतोच. पण जिन्यातल्या टू-वे बटणाच्या किंवा एकट्या दिव्याच्या डब्यात पुष्कळदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असते, आणि मग कोणतेही इलेक्ट्रॉनिक बटण दिव्यातूनच चोरून प्रवाह घेते, एलईडी रात्रभर मिणमिणतो. प्रत्येक डब्यात न्यूट्रल ओढून घ्या, डबे खोल घ्या, गीझर, एसी आणि पंपाची सर्किट वेगळी काढा, एमसीबीच्या डब्याशेजारी फूटभर जागा मोकळी ठेवा. संगणक उद्या कोणताही येवो, त्याला ती लागेल. आणि दुकानदार स्मार्ट बटण दाखवू लागला की राउटर बंद करून ते चालवून दाखवायला सांगा. चालले नाही, तर घेऊ नका.